सांध्यापासून चार बोटं

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात आजवर ज्यांनी आपल्या कामाविषयी लिहिलं ते सगळे निवृत्त झालेले होते. एक हेडमास्तर, एक रेल्वेचे गार्ड, एक तलाठी. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझं काम असं की त्याला धड नावसुद्धा नाही. सक्करदऱ्याजवळच्या एका सायकलच्या दुकानात मी गेली पाच वर्षं सायकलींचा रंग राखतो. आमच्या घरात माझ्याआधी सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे यात चुका असतील तर त्या काढणारंही घरात कोणी नव्हतं. संपादकांना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण या वर्षी एक गोष्ट घडली आणि ती मी दुकानातल्या मिस्त्रीखेरीज इथे कुणाला सांगितलेली नाही.

आधी काम काय ते सांगतो.

नवी सायकल दुकानात येते तेव्हा तिची फ्रेम खाकी कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली असते. आत काळा नाहीतर हिरवा रंग, भट्टीत भाजून चढवलेला, आणि त्यावर केसासारख्या बारीक सोनेरी रेघा. सायकल जोडणं हे मिस्त्रीचं काम. ती जोडून झाली की माझ्याकडे येते आणि गिऱ्हाईक मला पहिला प्रश्न विचारतं, "कागद राहू द्यायचा का?" मी नाही म्हणतो. ऐकत कुणी नाही. एका मिलमधल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, तो कागद तीन वर्षं ठेवला. जावयाला द्यायची म्हणून सायकल कागद काढायला आणली, तर दर पावसाळ्यात भिजून वाळून कागद रंगाला असा चिकटला होता की सोबत रंगाचे पोपडे निघाले. तो जॉबर बराच वेळ उकिडवा बसून फ्रेमकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तीन वर्षं चालवली, पण मी हिले एकदाबी पाह्यली नाई गा."

लोकांना वाटतं रंग रस्त्यावर जातो. रस्त्यावर फार थोडा जातो. रंग जातो तो कॅरिअरच्या पकडीखाली, कुलपाची साखळी जिथे लोंबते तिथे, भिंतीला टेकवल्यावर दांडी जिथे घासते तिथे, आणि पायजम्याची आतली शिवण रोज लागते त्या जागी. दांडीवर लहान मूल बसत असेल तर त्याच्या बुटाच्या टाचेने. या जागा मला आता डोळे मिटून सापडतात. तिथे मेण लावायचं, रबराचा तुकडा घालायचा, पट्टी गुंडाळायची.

काही रंग घालवावाच लागतो, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. डायनामोचा दिवा लागायचा तर त्याच्या पकडीतला एक बारीक स्क्रू रंग फोडून लोखंडाला भिडला पाहिजे, नाहीतर वीज फिरत नाही. कोर्टातले एक कारकून होते. ते म्हणाले, "ओरखडा चालणार नाही." स्क्रू भिडवला नाही, दिवा लागला नाही. महिनाभर ते रोज संध्याकाळी यायचे आणि बल्बला शिव्या द्यायचे. शेवटी डोमाजी मिस्त्रीने त्यांच्या पाठीमागे स्क्रू आतल्या बाजूने पिळला आणि सांगितलं, "सायेब, बल्ब बदलला, विलायती टाकला." साहेब दिव्याकडे पाहून इतके खूश झाले की मिस्त्रीला बिडीचं बंडल देऊन गेले. मला त्या दिवशी हसू आलं. झाकलेली गोष्ट अशी सुखाची असते असं तेव्हा वाटलं.

डोमाजी मिस्त्रीविषयी सांगायला हवं. साठीला आलेला माणूस. हाताच्या रेघांत ग्रीस कायमचं बसलेलं. लिहिता-वाचता येत नाही, पण फ्रेमवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतो आणि नळी कुठे पातळ झाली ते सांगतो. दुकानाचे मालक शेठ असले तरी सगळे भितात ते त्याला. मी तर फारच भ्यायचो. त्याने हाक मारली की हातातलं खाली पडायचं.

मला या कामावर घेतलं ते पट्टीमुळे. आमचं घर विणकराचं. बाबा उरलेल्या सुताची दोन बोटं रुंदीची पट्टी विणून द्यायचे, लाल, निळी, पिवळी. मी ती फ्रेमच्या नळ्यांवर ताणून, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळायचो आणि वरून वार्निशचा हात द्यायचो. बाजारात प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या होत्या, पण त्या उन्हाळ्यात सैल पडायच्या. माझी पट्टी हलत नसे. नंदनवन, महाल, अगदी हुडकेश्वरच्या खेड्यावरूनही लोक "त्या कोष्ट्याच्या पोट्ट्याची पट्टी" विचारत यायचे. कॉलेजच्या वेळा सांभाळून मिळणारं असं दुसरं काम मला माहीत नव्हतं. हे काम गेलं तर कॉलेज जाईल, ही भीती पाचही वर्षं माझ्यासोबत दुकान उघडायला यायची.

पट्टीबाबत डोमाजीचा एकच नियम होता. पहिल्याच दिवशी त्याने माझा हात धरून फ्रेमवर ठेवला होता. हँडल ज्या उभ्या नळीत फिरतं तिला आम्ही डोकं म्हणतो. डोक्याला जिथे दुसऱ्या नळ्या येऊन मिळतात ते सांधे. तो म्हणाला, "सांध्यापासून चार बोटं सोडायची. गिऱ्हाईक रडो, पडो, चार बोटं."

"काहून?" मी विचारलं.

"सांगतलं ना."

एवढंच. त्याने कारण दिलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. पण ती उघडी चार बोटं मला रोज खुपायची. आमच्या घरी काठापर्यंत न पोचलेलं विणकाम म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. आणखी एक गोष्ट. मागावर ताण्यातला उभा धागा तुटला की तो जोडून गाठ अशी बसवायची की कापडावरून बोट फिरवलं तरी लागू नये. बाबांनी मला लहानपणापासून शिकवलं ते हेच. दोष झाकणं ही आमच्या घरात लबाडी नव्हती, ते कसब होतं.

या वर्षी होळीच्या आधी एक नर्सबाई दुकानात आल्या. नाव सुमनबाई. पस्तिशीच्या असतील. नंदनवनात एका खोलीत भाड्याने राहायच्या. त्यांनी कुणाकडून तरी लेडीज सायकल घेतली होती, जुनी पण मरून रंग चांगला टिकलेला. बदली सावनेरपलीकडे खापा गावच्या दवाखान्यात झाली होती आणि तिथून आसपासच्या गावांना लस टोचायला आणि बाळंतपणाला सायकलवर फिरायचं होतं.

"सगळी गुंडाळून दे मले," त्या म्हणाल्या. "इंचभर जागा उघडी नको."

मी म्हणालो, "बाई, सांध्याजवळ चार बोटं सोडावी लागतात."

"कायले?"

मला कारण माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मिस्त्रीचा नियम आहे."

"मिस्त्रीले सांग, मांगल्या गावी माई सायकल अंगणात उभी राहे तं पोट्टे खिळ्यानं नावं कोरत तिच्यावर. एकानं तं बदाम काढला. सहा महिन्यांत नुसती गंजली. आन् बाया काय म्हणत, माहीत हाय? नर्सबाईची सायकल अशी गंजकी, मंग सुयाही गंजक्याच असतीन. दोन बायांनी लेकरं टोचू देल्ली नाही मले." मग माझ्या पुस्तकांच्या पिशवीकडे पाहून त्या म्हणाल्या, "कॉलेजात जाते तू? मंग तुले समजाले पायजे. माया घरची मीच पयली शिकलेली. आपल्याले कोणी गंजकं म्हणू नये गा."

त्या शब्दांनी मी विरघळलो. डोमाजी त्या दिवशी लग्नाला गावी गेला होता. मी सायकल उलटी करून पुसायला घेतली.

डोक्याच्या खाली, खालची नळी जिथे मिळते तिथे, मला एक रेघ दिसली. बोटाच्या पेराएवढी लांब, केसासारखी. तिच्यात किंचित तपकिरी छटा होती. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे तेच महत्त्वाचं आहे: मी ती पाहिली. ती काय आहे याचा विचार केला नाही. रेघ आहे आणि ती दिसायला नको, एवढंच डोक्यात आलं. काडीच्या टोकाने मरून रंगाचा ठिपका तिच्यावर ओढला, वाळू दिला, आणि पट्टी चार बोटं न सोडता थेट सांध्यावर चढवली. टोक असं आत दाबलं की शिवण कुठे संपते ते मलाही सापडेना. पाच वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. सुमनबाईंनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "लुगड्याचा काठ दिसते गा." मला फार आनंद झाला.

आठवड्याभराने दुकानात एक गवळी आला. हुडकेश्वरकडून रोज दूध आणायचा. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, समोरचे दात गेले होते. मागून त्याचा भाऊ सायकल खांद्यावर घेऊन आला, कारण ती ढकलण्यासारखी राहिलेली नव्हती. खालची नळी डोक्यापासून पूर्ण सुटली होती.

डोमाजीने तुटलेला भाग उजेडात धरला आणि मला बोलावलं. "ये इकडं. पाह्य. हे अर्धं काळं दिसते ना, गंजलेलं? हे मांगंच तुटलं होतं, महिना-दोन महिन्यांआधी. आन् हे चकचकीत हाय, हे आज सकाळी तुटलं."

मग त्याने फ्रेम फिरवली. सांध्याच्या दुसऱ्या बाजूला रंगावर एक रेघ होती. पेराएवढी, केसासारखी, आत तपकिरी.

"हे पाह्य. पोलाद तुटाच्या आधी रंग तुटते. रंग काय नुसता दिसासाठी हाय? तो चुगली करते गा, आंदर काय चालू हाय ते भायेर सांगते. म्हणून म्हणतो चार बोटं सोड. त्याचं तोंड बांधू नको."

मी हो म्हटलं, फडकं उचललं, आणि जी सायकल आधीच पुसलेली होती ती पुन्हा पुसत बसलो. गवळ्याचा भाऊ सांगत होता, "उतारावर होता जी हा. बरं झालं मांगून ट्रक नव्हता."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मिस्त्री समोर होता, नंदनवन सायकलने दहा मिनिटांवर होतं. मी बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या दुसऱ्या एका पोराने सांध्यावर पट्टी चढवली म्हणून डोमाजीने त्याला त्याच दुपारी कायमचं घरी पाठवलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मनाशी म्हटलं, सगळ्याच रेघा सारख्या नसतात. म्हटलं, तो साधा ओरखडा असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या स्वतःच जाऊन पट्टी सोडून येतो. मग गेलो नाही, कारण त्या विचारतील, "काहून सोडतो?" आणि काय सांगायचं ते सुचेना.

असे आठ दिवस गेले. वर्गात सर शिकवायचे आणि मला फळ्यावर रेघा दिसायच्या. रस्त्यात पांढऱ्या साडीतली कोणी बाई सायकलवर दिसली की मी थांबून तिच्या फ्रेमच्या डोक्याकडे पाहायचो. लोकांचा गैरसमज व्हायचा. एका बाईने तर झापलं, "काय पाहून राहिला रे?" घरी जेवण जात नव्हतं. आईला वाटलं परीक्षा आली म्हणून. बाबा मागावरून म्हणाले, "पोट्टा अभ्यास करून वाळून राहिला," आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो ऐकून मला घराबाहेर जावंसं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी, दुकानात दुसरं कुणी नसताना, मी डोमाजीला सांगितलं. सगळं सांगितलं, रंगाच्या ठिपक्यासकट.

तो स्टुलावर बसला होता. पाना हातातच राहिला. म्हणाला, "आठ दिवस काहून गप राह्यला?"

"भ्यालो."

"कोणाले?"

"तुमाले."

त्याने मारलं नाही, शिवी दिली नाही. राकेलने हात धुतले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि म्हणाला, "चाल."

नंदनवनात घरमालकीण दारातच तांदूळ निवडत होती. "सुमनबाई? परवाच गेली न गा. सामान मोटारीत टाकलं, सायकल टपावर बांधली. लय जपे सायकलीले. बांधणाऱ्याले म्हणे, पट्टीले दोर लागू देऊ नको."

परवा. मी सहाव्या दिवशी बोललो असतो तरी चाललं असतं. डोमाजीने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आम्ही तसेच खाप्याची मोटार धरली. वाटेत तो खिडकीबाहेर पाहत होता. सावनेर गेल्यावर एकदम म्हणाला, "मले भेते म्हणून लोकं काम नीट करते, असं वाटे मले."

दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने रजिस्टर पाहिलं. "इथं हजर झाल्या आन् दुसऱ्याच दिवशी टोचणीच्या कॅम्पवर गेल्या. कॅम्प फिरता असते. आज या गावी, चार दिवसांनी त्या गावी. जंगलाच्या बाजूची गावं हायत, मोटार जात नाई."

"सायकल?" डोमाजीने विचारलं.

"सायकलीवरच गेल्या. चांगली सायकल हाय त्यांची."

आम्ही बाहेर आलो. कन्हान नदीकडून वारा येत होता. डोमाजी म्हणाला, "पुढं जाऊ पायी. विचारत विचारत सापडन कोठी तरी."

मी म्हणालो, "मिस्त्री, उद्या माझा पेपर आहे."

पेपर म्हणजे काय हे त्याला नीट माहीत नव्हतं, पण माझ्या घरातला मी पहिला आहे हे माहीत होतं. त्याने मान हलवली आणि आम्ही मोटारीच्या थांब्याकडे वळलो. दुसऱ्या दिवशी मी पेपर दिला. त्या विषयात मला बरे गुण मिळाले. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

येताना कंपाउंडरकडे एक कार्ड लिहून ठेवलं होतं, आणि परीक्षा संपल्यावर दुसरं टपालाने पाठवलं. कार्ड उघडं असतं, वाटेत कोणीही वाचतं. मी लिहिलं, "आपल्या सायकलची तपासणी करावयाची राहून गेली आहे. तरी ती चालवू नये. पट्टी सोडून डोक्याखालचा सांधा पाहावा व सायकल दुकानात आणावी." खाली दुकानाचं नाव घातलं. रेघ मला दिसली होती, हे लिहिलं नाही. डोमाजीने विचारलं, "सगळं लिवलं का?" मी म्हणालो, "हो." त्याला वाचता येत नाही.

त्याने मला कामावरून काढलं नाही. उलट एक नवंच काम लावलं. माझी पट्टी असलेली सायकल हवा भरायलाही आली तरी ती थांबवायची आणि सांध्याच्या बाजूची टोकं सोडून पाहायची. गिऱ्हाइकं चिडायची. एक वकील म्हणाले, "चांगली गुंडाळलेली कायले उसवून राहिला गा? वेडा झाला का?" सांधे सगळे उघडे आणि साफ निघाले. इतर सायकलींवर मी नियम पाळला होता. तो मोडला होता एकाच सायकलीवर, आणि तीच समोर नव्हती.

आषाढ लागला तसा मला रस्त्यावरचा उतार सहन होईना. स्वतः सायकलवरून जाताना उतार आला की मी खाली उतरून चालायचो. पोरं हसायची. दुकानात एस.टी.चा एखादा ड्रायव्हर आला की सावनेरकडे काही अपघात झाला का, असं आडून विचारायचो. पोस्टमन दुकानासमोर सायकल लावायचा तेव्हा मी आत जाऊन पाने मोजत बसायचो आणि तो पुढे गेला की बरं वाटायचं. वाट पाहणं आणि पत्र न आल्याने सुटल्यासारखं वाटणं, हे दोन्ही एकाच वेळी होतं. ते बरं नव्हतं, पण होतं.

पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी निळं अंतर्देशीय पत्र आलं. पत्ता दुकानाचा होता. शेठने न उघडता माझ्याकडे टाकलं, कारण मागे सुमनबाईंचं नाव होतं आणि त्या शेठला आठवत नव्हत्या. मी ते उघडलं नाही. डोमाजी चाक सरळ करत होता. तो म्हणाला, "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. शब्द जवळजवळ जसेच्या तसे देतो.

"तुमची दोन्ही कार्डं मला एकदमच मिळाली. कॅम्प लांबला, मग पावसाने वाटा बंद झाल्या. कंपाउंडरने कार्डं रजिस्टरमध्ये ठेवली होती. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाऊस लागल्यावर एका बाळंतिणीकडे निघाले असता नाल्याच्या उतारावर सायकल डोक्याखाली तुटली. मी पुढे फेकली गेले. डावा हात मनगटात मोडला, तो आता वाकडा बसला आहे. उरलेलं अंतर चालत गेले. मूल पायाळू होतं. एका हाताने होईना, तेव्हा तिच्या सासूला समोर बसवून, सांगून सांगून तिच्या हातांनी केलं. बाई वाचली. मूल राहिलं नाही. माझे दोन्ही हात धड असते तर राहिलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही, आणि मी कुणाजवळ तसं म्हटलेलंही नाही."

मी थांबलो. डोमाजीने चाक जमिनीवर ठेवलं होतं. दुकानासमोरून एक टांगा गेला.

"मंग?"

"संपलं," मी म्हणालो.

"खाली आजून शाई दिसते मले," तो म्हणाला. "वाच."

मी वाचलं. "तुटलेली फ्रेम गावकऱ्यांनी दवाखान्यात आणून दिली. पट्टी मी स्वतः सोडली. सोडायला फार वेळ लागला. आत तुटलेल्या कडेवर मरून रंगाचा एक ठिपका आहे, बाकीच्या रंगापेक्षा नवा, आणि त्याखाली जुनी गंजकी रेघ. दुकानावर माझी काही तक्रार नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. रेघ तुम्ही पाहिली होती का, एवढं कळवावं."

डोमाजी म्हणाला, "म्हणजे कार्डात तू लिवलंच नव्हतं."

तो उठला, गल्ल्याजवळच्या फळीवरून एक कोरं कार्ड काढलं, आपला स्टूल माझ्याकडे सरकवला आणि स्वतः उभा राहिला.

"लिव," तो म्हणाला.

पाहिली होती, असं मी लिहिलं, आणि खाली या वेळी माझं नाव घातलं.